सोडतीच्या आकड्यांचे विश्लेषण

सोडतीच्या आकड्यांचे विश्लेषण : लॉटरी, लोटो, मटका यांसारख्या सोडतींत पूर्वी निघालेल्या आकड्यांची नोंद ठेवून त्यांची वारंवारता, क्रम व परस्परसंबंध तपासण्याची रीत. ही रीत सोडतीइतकीच जुनी असून तिचे दोन हेतू आढळतात. पुढे कोणता आकडा निघेल हे आधी ओळखावे, हा खेळणाऱ्याचा हेतू; तर सोडत यदृच्छपणे, म्हणजे कोणत्याही आकड्यास झुकते माप न देता, काढली जाते किंवा नाही हे पारखावे, हा गणितज्ञाचा व तपासनिसाचा हेतू होय. दोघांची सामग्री एकच आणि आकडेमोडही बहुतांशी एकच. तथापि पहिला हेतू अडीचशेहून अधिक वर्षांत सफल झालेला नाही, तर दुसऱ्याने सांख्यिकीला एक उपयुक्त कसोटी दिली आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस स्प्रेडशीट म्हणजे संगणकीय कोष्टकपत्र घरोघरी पोहोचल्यावर पूर्वी तज्ञांपुरती असलेली ही आकडेमोड कोणालाही काही मिनिटांत करता येऊ लागली आणि या दोन हेतूंमधील भेद ओळखणे अधिकच निकडीचे झाले.

जेनोआची सोडत : आकडे निवडून पैसे लावण्याच्या आधुनिक खेळाचा उगम इटलीतील जेनोआ प्रजासत्ताकात सापडतो. सोळाव्या शतकात तेथील शासनमंडळाचे पाच सदस्य प्रतिष्ठित नागरिकांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडले जात. कोणाची नावे निघणार यावर लोक पैजा लावू लागले. पुढे नावांच्या जागी आकडे आले आणि १ ते ९० या आकड्यांमधून पाच आकडे काढण्याचा लोटो हा खेळ रूढ झाला. खेळणाऱ्यास एक, दोन, तीन, चार किंवा पाच आकड्यांवर पैसे लावता येत. एक आकडा लागण्याची संभाव्यता १८त १, दोन आकड्यांची जोडी लागण्याची सु. ४००त १, तीन आकड्यांची ११,७४८त १ व चार आकड्यांची ५,११,०३८त १ येते. पाचही आकडे लागण्याची संभाव्यता ४,३९,४९,२६८त १ इतकी अल्प आहे.

हा खेळ यूरोपभर पसरला. पॅरिसमधील लष्करी विद्यालयाच्या खर्चासाठी १७५८ मध्ये फ्रान्समध्ये अशी सोडत सुरू झाली. तिच्या योजनेत काल्त्साबीजी बंधू व प्रसिद्ध साहसी प्रवासी काझानोव्हा यांचा हात होता. पुढे ती राजसत्तेच्या उत्पन्नाची बाब बनली आणि क्रांतिकाळातील खंड वगळता १८३६ पर्यंत चालली. फ्रेंच सोडतीत एका आकड्यास लावलेल्या पैशाच्या १५पट, जोडीस २७०पट व चार आकड्यांस ७५,०००पट रक्कम मिळे. न्याय्य देणे अनुक्रमे १८, सु. ४०० व ५,११,०३८पट ठरते, हे वरील संभाव्यतांवरून दिसून येईल. मोह जितका मोठा तितकी चालकाची कपात अधिक, हे सूत्र तेव्हापासून बहुतेक सोडतींत कायम आहे. आकडा कोणताही निवडला तरी या कपातीत फरक पडत नाही. म्हणून खेळाचा खरा हिशेब निघालेल्या आकड्यांच्या यादीत नसून बक्षिसांच्या तक्त्यात असतो.

गणितज्ञांचे लक्ष : प्रशियाचा राजा दुसरा फ्रीड्रिख याने १७४९ मध्ये जेनोआ पद्धतीच्या एका प्रस्तावित सोडतीविषयी लेओनार्ट ऑयलर या गणितज्ञाचा अभिप्राय मागविला होता. बर्लिनची सोडत प्रत्यक्षात १७६३ मध्ये सुरू झाली. निघालेल्या पाच आकड्यांत ३४, ३५ असे लागोपाठचे आकडे येण्याची संभाव्यता किती, हा प्रश्न ऑयलरने नंतर एका स्वतंत्र निबंधात सोडविला. असे आकडे दिसले की लोकांना त्यात काहीतरी विशेष वाटते. पण ९०मधून पाच आकडे काढताना जवळजवळ दर पाच सोडतींपैकी एकीत किमान एक लागोपाठची जोडी येणे अपेक्षितच असते. आजच्या ४९मधून सहा आकड्यांच्या खेळात तर सु. निम्म्या सोडतींत अशी जोडी आढळते. यदृच्छ घटनांचे रूप माणसाच्या कल्पनेपेक्षा अधिक ओबडधोबड असते, याचे हे एक आरंभीचे प्रमाण म्हणता येईल.

प्येअर सीमाँ लाप्लास याने फ्रेंच सोडतीच्या आकड्यांवर अधिक सखोल विचार केला. नव्वदही आकडे किमान एकदा निघून जाण्यास किती सोडती लागतील, या प्रश्नाचे उत्तर त्याने काढले : ८५ सोडतींनंतर तसे घडले असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित कमी, तर ८६ सोडतींनंतर निम्म्याहून किंचित अधिक असते. एखादा आकडा दीर्घकाळ न निघणे हे सोडतीच्या स्वभावातच आहे, असा याचा अर्थ होतो. संभाव्यतेवरील १८१४ च्या तत्त्वज्ञानपर निबंधात लाप्लासने लोकांच्या एका समजुतीचीही नोंद घेतली आहे. बराच काळ न निघालेल्या आकड्यावर लोक गर्दी करतात; आता त्याची पाळी आली, असे त्यांना वाटते. वस्तुतः मागच्या सोडतींचा पुढच्या सोडतीवर कोणताही परिणाम होत नाही. पेटीतील गोळ्यांना स्मरणशक्ती नसते. या भ्रमास पुढे जुगाऱ्याचा तर्कदोष असे नाव मिळाले [⟶ संभाव्यता सिद्धांत].

आकड्यांच्या वह्या व तक्ते : गणितज्ञांच्या या इशाऱ्यानंतरही आकडे जुळविण्याचा छंद वाढतच गेला. इटलीत, विशेषतः नेपल्समध्ये, स्वप्नात दिसलेल्या वस्तूस १ ते ९० पैकी कोणता आकडा लावावा हे सांगणारी ‘स्मोर्फिया’ नावाची पुस्तके लोकप्रिय झाली. फ्रान्समध्ये मागील सोडतींचे आकडे क्रमवार देणाऱ्या पुस्तिका छापल्या जात. पहिल्या प्रकारात दैवी संकेताचा व दुसऱ्यात अनुभवाचा आधार घेतलेला दिसतो; पण दोहोंचा वाचक एकच असे.

मुंबईतील मटक्याच्या तक्त्यांचे स्वरूप याहून फारसे वेगळे नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या व बंद होणाऱ्या भावांच्या आकड्यांवर मुंबईत पैजा लागत. हे भाव येणे थांबल्यावर १९६०–७० या दशकाच्या प्रारंभी आकडे काढण्याची वेगळी व्यवस्था निर्माण झाली. प्रथम चिठ्ठ्या मडक्यात टाकून आकडा काढीत, त्यावरून मटका हे नाव पडले. पुढे पत्ते काढण्याची पद्धत आली. कल्याणजी भगत व रतन खत्री यांची नावे या धंद्याशी निगडित आहेत. मटक्यात शून्य ते नऊ यांपैकी तीन अंकांची ‘पत्ती’ निघते आणि त्यांच्या बेरजेचा एकं स्थानचा अंक हा ‘आकडा’ ठरतो. ‘ओपन’ व ‘क्लोज’ असे दोन आकडे मिळून ‘जोडी’ होते. क्रम लक्षात न घेता दहा अंकांच्या एकूण २२० पत्त्या होतात व त्या दहा आकड्यांत अगदी समान वाटल्या जातात : प्रत्येक आकड्यास तिन्ही अंक भिन्न असलेल्या १२, दोन अंक सारखे असलेल्या ९ व तिन्ही सारखे असलेली १, अशा २२ पत्त्या येतात. ही समानता अंकगणिताची असल्यामुळे एखादा आकडा मुळातच ‘जोरदार’ आहे या समजुतीस पत्त्यांच्या संख्येत आधार मिळत नाही.

मटक्याचा ‘चार्ट’ म्हणजे ओळीत आठवडा व स्तंभात वार अशी मांडणी केलेले कोष्टक होय. मधल्या घरात जोडी व तिच्या दोन्ही बाजूंस पत्त्या उभ्या लिहिलेल्या असतात. त्यावर तिरप्या रेघा ओढून, मागच्या आठवड्यातील आकड्यांत ठराविक संख्या मिळवून किंवा वजा करून उद्याचा आकडा काढण्याच्या अनेक रीती प्रचारात आल्या. महाराष्ट्रात हा खेळ १८८७ च्या जुगार प्रतिबंधक अधिनियमानुसार बेकायदेशीर असूनही गिरणगावातील कामगारवस्तीपासून लहान गावांपर्यंत त्याचा प्रसार झाला. चार्ट वाचणाऱ्याची ही वही म्हणजे हाताने भरलेली स्प्रेडशीटच होती.

संगणकीय कोष्टकपत्राचे आगमन : डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँक्स्टन यांनी ॲपल-२ या संगणकासाठी तयार केलेली ‘व्हिझिकॅल्क’ ही आज्ञावली १९७९ मध्ये विक्रीस आली. तिच्यामागून १९८३ मध्ये ‘लोटस १-२-३’ आणि १९८५ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी ‘एक्सेल’ या आज्ञावल्या आल्या. विंडोज प्रणालीसाठी एक्सेल १९८७ मध्ये उपलब्ध झाली. ओळी व स्तंभ यांच्या छेदाने तयार झालेल्या घरात संख्या किंवा सूत्र लिहावयाचे आणि एका घरातील संख्या बदलताच तिच्यावर अवलंबून असलेली सर्व घरे आपोआप बदलावयाची, हे या साधनाचे तत्त्व आहे. जमाखर्च व अंदाजपत्रके यांसाठी निर्माण झालेले हे साधन सोडतीच्या नोंदींनाही चपखल बसले. एका ओळीत एक सोडत, पहिल्या स्तंभात दिनांक व पुढील सहा स्तंभांत सहा आकडे, अशी मांडणी सर्वत्र रूढ झाली.

या मांडणीवर वापरली जाणारी सूत्रे मोजकीच आहेत. ‘काउंटइफ’ हे सूत्र दिलेला आकडा सर्व घरांत किती वेळा आला ते मोजते. ‘मॅक्स’ व ‘इफ’ यांच्या जोडणीने तो शेवटी कोणत्या ओळीत आला हे कळते; त्यावरून तो किती सोडतींपासून निघालेला नाही हे काढता येते. ‘कॉम्बिन’ हे सूत्र समचयांची संख्या देते : ४९ व ६ या संख्या घातल्यास १,३९,८३,८१६ हे उत्तर मिळते. ‘रँड’ हे सूत्र ० व १ यांमधील आभासी यदृच्छ संख्या देते व तिच्या साहाय्याने कृत्रिम सोडती काढता येतात. संगणकाची यदृच्छताही तपासून घ्यावी लागते, याचा अनुभव एक्सेलच्या २००३ च्या आवृत्तीत आला; तीत हे सूत्र काही वेळा चक्क ऋण संख्या देत असे. दुरुस्तीनंतर हा दोष दूर झाला.

वारंवारतेचा अर्थ : ४९ आकड्यांमधून सहा काढण्याच्या १,००० सोडतींची नोंद कोष्टकपत्रात भरली, असे समजू. प्रत्येक आकडा सरासरीने सु. १२२ वेळा यावयास हवा. प्रत्यक्षात एखादा १४० वेळा, तर दुसरा १०५ वेळा आलेला दिसतो. पहिल्यास ‘गरम’ व दुसऱ्यास ‘थंड’ म्हणण्याची चाल आहे. गरम आकड्यावर पैसे लावावेत असे एक पंथ म्हणतो, तर थंड आकड्याची पाळी जवळ आली असे दुसरा. दोन विरुद्ध सल्ले एकाच कोष्टकातून निघतात, ही गोष्टच विचार करावयास लावणारी आहे. या उदाहरणात प्रमाण विचलन सु. १०·४ येते. म्हणून सु. १०२ ते १४३ ही कक्षा पूर्णपणे स्वाभाविक असून तिच्याही बाहेर ४९ पैकी दोनएक आकडे जाणे अपेक्षितच आहे. सर्व आकडे तंतोतंत १२२ वेळा आले असते, तर मात्र सोडतीविषयी शंका घ्यावी लागली असती.

न निघालेल्या आकड्याचेही तसेच. या खेळात एखादा विशिष्ट आकडा लागोपाठ २० सोडतींत न येण्याची संभाव्यता सु. ७ टक्के आहे. ४९ आकडे लक्षात घेता, कोणत्याही वेळी मागील २० सोडतींत न आलेले सरासरीने तीन ते चार आकडे कोष्टकात सापडतीलच. त्यांची पुढील सोडतीतील संभाव्यता इतरांइतकीच, म्हणजे ४९त ६, राहते. वारंवारतेचे प्रमाण कालांतराने सरासरीकडे झुकते, हे खरे. पण ते मागील तूट भरून निघाल्यामुळे नव्हे, तर नव्या सोडतींच्या मोठ्या संख्येत जुनी तूट नगण्य ठरल्यामुळे. बृहत् संख्यांच्या नियमाचा हा अर्थ चुकीचा लावला गेल्यानेच थंड आकड्यांचा पंथ टिकून आहे.

आणखी एक फसवी रीत म्हणजे चाळणी लावणे. निघालेल्या सहा आकड्यांची बेरीज बहुधा १५०च्या आसपास असते आणि त्यांत तीन सम व तीन विषम आकडे वारंवार आढळतात, असे कोष्टक दाखविते. म्हणून तशाच तिकिटांवर पैसे लावावेत, असा सल्ला दिला जातो. निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा. तीन सम व तीन विषम आकड्यांचे एकूण ४६,५५,२०० समचय आहेत, म्हणजे सर्व समचयांच्या सु. एक-तृतीयांश, म्हणून तसे निकाल एक-तृतीयांश वेळा येतात. त्यांपैकी एक ठराविक समचय निवडणाऱ्यास मात्र पूर्वीइतकीच, १,३९,८३,८१६त एक, अशी संधी मिळते. गर्दी मोठी असली म्हणून गर्दीतील एकाच्या वाट्यास अधिक येत नाही.

कोष्टकपत्राने या भ्रमांत एका नव्या भ्रमाची भर घातली. सूत्रे स्वस्त व जलद झाल्यामुळे एकाच नोंदीवर शेकडो नियम तपासून पाहता येतात. वार, महिना, मागील सोडतीची बेरीज, अंकांतील फरक यांपैकी कोणता ना कोणता नियम जुन्या आकड्यांशी जुळतोच. कारण पुरेसे नियम तपासले की काही केवळ योगायोगाने जुळतात. ज्या नोंदीवरून नियम शोधला त्याच नोंदीवर तो तपासल्याने त्यास खरेपणाचा आभास येतो. पुढील सोडतींवर लावताच तो कोलमडतो. ‘रँड’ सूत्राने काढलेल्या कृत्रिम सोडतींवर हेच नियम शोधून पाहिल्यास तेथेही तितकेच नियम सापडतात. हा साधा प्रयोग भ्रमनिरासास पुरेसा आहे.

व्हेनिसचा ५३ : या भ्रमाची किंमत किती मोठी असू शकते याचे उदाहरण इटलीत घडले. तेथील लोटोमध्ये दहा शहरांच्या नावांनी स्वतंत्र सोडती निघत. व्हेनिसच्या सोडतीत मे २००३ नंतर ५३ हा आकडा निघालाच नाही. आठवड्यास दोन सोडती होत असताना तो १८२ सोडतींपर्यंत अदृश्य राहिला. वृत्तपत्रांनी त्याच्या विलंबाचे आकडे नियमितपणे छापले आणि देशभर लोक त्यावर वाढत्या रकमा लावू लागले. एकूण रक्कम साडेतीन अब्ज यूरोंहून अधिक झाल्याचे सांगण्यात आले. अनेकांनी कर्ज काढले, घरेदारे गमावली; काही आत्महत्याही या आकड्याशी जोडल्या गेल्या. अखेर ९ फेब्रुवारी २००५ रोजी ५३ निघाला.

एखादा ठराविक आकडा लागोपाठ १८२ सोडतींत न येण्याची संभाव्यता सु. ३३,०००त एक आहे. म्हणून ही घटना अद्‌भुत वाटली. परंतु दहा शहरांच्या सोडतींत दर वेळी पन्नास आकडे निघतात व त्या प्रत्येकाची नवी प्रतीक्षा तेव्हा सुरू होते. वर्षाच्या सु. १०४ सोडती धरल्यास अशा ५,२०० प्रतीक्षा दर वर्षी सुरू होतात. म्हणजे इतका दीर्घ विलंब कोणत्या तरी शहरी, कोणत्या तरी आकड्याबाबत साधारणतः सहा-सात वर्षांत एकदा घडणे अपेक्षित आहे. हा हिशेब कोष्टकपत्रात एका ओळीत मांडता येतो. विलंब मोजणारी सूत्रे अनेकांनी मांडली होती. हे दुसरे सूत्र मांडण्याची गरज मात्र फार थोड्यांना वाटली.

सोडतीची पारख : मागील आकड्यांचा खरा उपयोग सोडतीचा प्रामाणिकपणा तपासण्यासाठी होतो. त्यासाठी अपेक्षित व प्रत्यक्ष वारंवारतांमधील फरकाचे एकत्रित माप देणारी काय-वर्ग कसोटी वापरतात. एका सोडतीत तोच आकडा पुन्हा निघू शकत नसल्यामुळे या कसोटीत थोडी दुरुस्ती करावी लागते. ४९मधून ६ या खेळात नेहमीच्या बेरजेस ४८/४३ ने गुणतात. ही दुरुस्ती न केल्यास सोडत आहे त्याहून अधिक समतोल भासते.

अमेरिकेत व्हिएटनाम युद्धासाठी सैन्यभरतीचा क्रम ठरविण्याकरिता १ डिसेंबर १९६९ रोजी सोडत काढण्यात आली. वर्षाच्या ३६६ दिनांकांच्या चिठ्ठ्या कुप्यांत घालून त्या एका भांड्यातून काढल्या गेल्या. निकालाची आकडेमोड केल्यावर वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेल्यांना आधीचे क्रमांक अधिक प्रमाणात मिळाल्याचे आढळले. जन्मदिनांक व भरतीक्रमांक यांचा सहसंबंध −०·२२६ इतका निघाला. केवळ योगायोगाने असे होण्याची शक्यता अत्यल्प होती. महिन्यांच्या क्रमाने भरलेल्या कुप्या नीट मिसळल्या गेल्या नव्हत्या. तरुणांच्या जीवनमरणाशी निगडित असलेल्या या सोडतीतील दोष उघड झाल्यावर १९७० च्या सोडतीत दिनांक व क्रमांक दोन वेगवेगळ्या पिंपांतून काढण्याची सुधारणा झाली.

लबाडी मात्र पुष्कळदा आकड्यांच्या वारंवारतेत दिसत नाही. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या तीन अंकी सोडतीत २४ एप्रिल १९८० रोजी ४ व ६ सोडून इतर चेंडूंत रंग भरून ते जड करण्यात आले आणि ६६६ हा आकडा निघाला. एका सोडतीवरून सांख्यिकीस काहीच सांगता आले नसते. ४ व ६ यांच्या जुळण्यांवर लागलेल्या असाधारण रकमांवरून कारस्थान उघडकीस आले. अमेरिकेतील अनेक राज्यांच्या संयुक्त लॉटरी संस्थेतील एका सुरक्षा अधिकाऱ्याने संगणकीय सोडतीच्या आज्ञावलीत असा बदल केला होता, की वर्षातील तीन ठराविक दिनांकांना अटी जुळल्यास निकाल त्यास आधी कळावा. ते २०१० मधील एका मोठ्या बक्षिसाच्या संशयास्पद दाव्यामुळे बाहेर आले व २०१७ मध्ये त्यास शिक्षा झाली. इतर सर्व दिवशी निकाल यदृच्छच असल्यामुळे आकड्यांच्या कोष्टकात तो बदल लपून राहिला होता.

याउलट संशयास्पद दिसणारी घटना निर्दोषही असू शकते. बल्गेरियात ६ सप्टेंबर २००९ रोजी निघालेले ४, १५, २३, २४, ३५ व ४२ हे सहा आकडे पुढच्याच, १० सप्टेंबरच्या सोडतीत पुन्हा निघाले. चौकशीत गैरप्रकार आढळला नाही. दुसऱ्या वेळी अठरा जणांना सर्व आकडे साधले. मागचेच आकडे पुन्हा लावणारे लोक नेहमीच असतात, एवढाच त्याचा अर्थ.

खेळणाऱ्यांचे आकडे : सोडत यदृच्छ असली, तरी माणसांची निवड यदृच्छ नसते. ब्रिटनमध्ये १४ जानेवारी १९९५ च्या राष्ट्रीय लॉटरीत १३३ जणांनी पहिले बक्षीस वाटून घेतले व सु. १ कोटी ६० लाख पौंडांपैकी प्रत्येकास सु. १,२२,५०० पौंड मिळाले. ७, १७, २३, ३२, ३८ व ४२ हे आकडे तिकिटाच्या मधल्या भागात पडत असल्यामुळे अनेकांनी ते खूण म्हणून भरले होते. फिलिपीन्समध्ये १ ऑक्टोबर २०२२ रोजी ९, १८, २७, ३६, ४५ व ५४ हे नवाच्या पाढ्यातील आकडे निघाले, तेव्हा विजेते ४३३ झाले. जन्मदिनांकांमुळे ३१ पर्यंतच्या आकड्यांना पसंती अधिक मिळते. म्हणून इतरांना न आवडणारे आकडे निवडल्यास बक्षीस लागण्याची शक्यता वाढत नाही, पण लागलेच तर वाटेकरी कमी असतात. आकड्यांच्या निवडीतून मिळू शकणारा प्रामाणिक लाभ एवढाच होय.

क्वचित बक्षिसांच्या नियमांतच त्रुटी राहिल्याने खेळ फायद्याचा झाला आहे. व्हर्जिनिया राज्यात १९९२ मध्ये ७०,५९,०५२ समचयांच्या खेळात साठलेले बक्षीस सु. २ कोटी ७० लाख डॉलरवर गेले, तेव्हा ऑस्ट्रेलियातील एका गटाने एक डॉलरची सु. ५० लाख तिकिटे घेऊन ते जिंकले. मॅसॅचूसेट्सच्या ‘कॅश विनफॉल’ या २०१२ मध्ये बंद झालेल्या खेळात साठलेली रक्कम ठराविक मर्यादेनंतर लहान बक्षिसांत वाटली जाई. अशा दिवशी तिकिटाचे अपेक्षित मूल्य त्याच्या किमतीहून अधिक होते, हे तेथील तंत्रविद्येच्या विद्यार्थ्यांच्या व अन्य गटांच्या ध्यानात आले. या यशांत मागील आकड्यांचा काडीमात्र उपयोग झालेला नाही. केवळ समचयांची संख्या, तिकिटाची किंमत व बक्षिसांचा तक्ता यांचा हिशेब झाला. शिवाय त्यासाठी लागणारे भांडवल सामान्य खेळणाऱ्याच्या आवाक्याबाहेरचे होते.

भारतातील स्थिती : केरळ राज्याने १९६७ मध्ये व महाराष्ट्राने १९६९ मध्ये शासकीय लॉटरी सुरू केली. या पारंपरिक लॉटरीत तिकिटावरील क्रमांक छापील असल्याने निवडीस वाव मर्यादित असतो. तरीही शेवटचा अंक पाहून तिकीट घेण्याची सवय आढळते. केंद्र शासनाच्या १९९८ च्या लॉटरी विनियमन अधिनियमानुसार आधी जाहीर केलेल्या आकड्यावर किंवा केवळ एका अंकावर बक्षीस देता येत नाही. एकअंकी खेळ वेगाने व अल्प रकमेत खेळता येत असल्यामुळे हातावर पोट असलेल्यांची त्यांत सर्वाधिक हानी होते, ही धारणा या तरतुदीमागे दिसते. मटक्याचे चार्ट व लॉटरीचे निकाल भ्रमणध्वनीवर मिळू लागल्यापासून त्यांवर कोष्टकपत्राची सूत्रे चालवून ‘खात्रीचा आकडा’ विकणारेही निर्माण झाले. आकडा खरोखर कळत असता, तर तो विकण्याचे प्रयोजन उरले नसते.

शैक्षणिक दृष्ट्या सोडतीच्या नोंदी हे संभाव्यता शिकविण्याचे उत्तम साधन आहे; त्या विपुल व निश्चित असून त्यांचे सैद्धांतिक उत्तर आधीच माहीत असते. विद्यार्थ्याने वारंवारता मोजावी, प्रमाण विचलन काढावे, कृत्रिम सोडतींशी तुलना करावी आणि गेल्या शंभर सोडतींवरून बांधलेला नियम पुढील शंभर सोडतींवर लावून पाहावा. असा अभ्यास केलेल्यास कोष्टकाच्या शेवटच्या ओळीखालील रिकामी ओळ कोणत्याही सूत्राने भरता येत नाही, हे स्वतःच्या आकडेमोडीतूनच पटते.